बदकांच्या पोटांतील शिसें

पाळीव बदकांच्या एका रोगाविषयीं कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लेख यावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आपल्या घरांत एखादे वेळीं पोपटाचा पिंजरा असेल, गच्चीवर पारव्यांस मूठभर ज्वारी पडत असेल. पण बदकें पाळण्याची चाल आपल्यांत नाहीं, आणि त्यांच्या अंड्यामांसाशीं तर आपला संबंधच नाहीं. असें असतांहि हा विषय घरांतील वडीलधाऱ्यांनीं, व विशेषतः लहान मुलांच्या आयांनीं, लक्षपूर्वक वाचावा अशी विनंति आहे. कारण ज्या धातूनें बदक झुरून मरतें तोच धातु आपल्या देव्हाऱ्यांत, स्वयंपाकघरांत आणि जुन्या दाराच्या रंगांत ठाण मांडून बसलेला असूं शकतो. बदक त्यास बळी पडतें तें लवकर व उघडपणें. मूल बळी पडतें तें हळूहळू व कोणाच्या ध्यानांत न येतां.

मुंबईंत भायखळा आणि करी रोड या दोन स्टेशनांच्या मध्यें चिंचपोकळी आहे. हा भाग गिरण्यांचा, चाळींचा आणि गणेशोत्सवाचा म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु जलचर पक्ष्यांचा विचार करावयाचा झाल्यास मुंबईंत याहून सोयीचें ठिकाण सांपडणार नाहीं. एका अंगास १८६२ सालीं लोकांस खुली झालेली राणीची बाग, म्हणजे आतांचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. दुसऱ्या अंगास परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय, आणि त्याच्या शेजारीं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. पूर्वेस शिवडीची दलदल आहे. तेथें हिवाळ्यांत येणारे रोहित पक्षी पाहण्यास लोकांची रीघ लागते. म्हणजे पाणपक्षी, त्यांचे वैद्य आणि त्यांस पाहणारे लोक, हीं तिन्ही येथें एक-दोन कोसांच्या आंत आहेत. आणि शिसेंहि आहे. गिरण्यांच्या जुन्या लोखंडी खांबांवरील रंग, चाळींच्या दारांखिडक्यांवर वर्षानुवर्षें चढविलेले रंगाचे थर, मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या, कोळ्यांच्या जाळ्यांस लावलेल्या शिशाच्या गोळ्या, या सर्वांत तो धातु कमीअधिक प्रमाणांत वसत आला आहे. ज्या खिळ्यांनीं जावजी दादाजींच्या निर्णयसागरांतून सुंदर ग्रंथ बाहेर पडले, ते खिळेहि शिशाच्याच मिश्रणाचे होते. शिसें मऊ, स्वस्त, सहज वितळणारें आणि न गंजणारें; म्हणून मनुष्यानें त्यास हातीं धरलें. आपल्या रसशास्त्रज्ञांनीं मात्र त्यास ‘नाग’ असें नांव दिलें आहे.

आतां शिशाचें आणि बदकाचें एवढें वांकडें कां, तें पाहूं. पक्ष्यांस दांत नसतात. धान्य दळण्याचें काम त्यांच्या पोटांतील एक जाड स्नायूंची पिशवी करिते. तिला पेषणी म्हणतात. जात्यास जसा दगड, तसे पेषणीस खडे लागतात. म्हणून बदक चिखल चोंचीनें गाळीत असतां दाण्यांबरोबर बारीक वाळू व खडे मुद्दाम गिळतें. त्या चिखलांत बंदुकीचा छर्रा, गळाचें वजन, डाखाचा तुकडा अथवा रंगाची खपली असली, तर खडा कोणता आणि शिसें कोणतें हें त्यास कळत नाहीं. दगडाचा खडा पेषणींत निरुपद्रवीपणें झिजत राहतो. शिशाचा तुकडाहि झिजतो. परंतु जठरांतील तीव्र आम्लामुळें त्याचे क्षार बनून ते रक्तांत उतरतात. जेथें घर्षण आणि आम्ल हीं दोन्ही एकत्र आहेत, तेथें शिसें विरघळविण्याचा कारखानाच उघडला म्हणावयाचा. एका छर्‍याचें वजन ग्रॅमच्या एक-दोन दशांशांइतकें; पण तेवढ्याशा एक-दोन कणांनींहि बदक दोन-तीन आठवड्यांत दगावूं शकतें. केवळ मक्यासारख्या कठीण धान्यावर पोसलेल्या पक्ष्यांस हें विष अधिक बाधतें, आणि प्रथिनें व चुना भरपूर असलेला आहार मिळणाऱ्यांस कमी बाधतें, असाहि अनुभव आहे. ही गोष्ट पुढें मुलांच्या बाबतींत उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

रक्तांत शिरलेलें शिसें शरीरास फसवितें. त्याचें वर्तन चुन्यासारखें, म्हणजे कॅल्शियमसारखें असल्यामुळें, जेथें कॅल्शियमचें काम तेथें तें आपण जाऊन बसतें. मज्जातंतूंचे संदेश त्यामुळें अडतात. रक्तांतील लाल द्रव्य तयार करणारें विकर बंद पडतें. आणि उरलेलें शिसें हाडांत सांठून राहतें. बदकावर दिसणारीं लक्षणें यावरूनच समजतात. प्रथम पक्षी कळपापासून दूर बसतो, उडण्यास नाखूष असतो. मग पंख पाठीवर नीट मिटत नाहींत. ते घराच्या उतरत्या छपराप्रमाणें लोंबतात. विष्ठा गडद हिरवी व पातळ होते. गिळलेला चारा खालीं न सरकतां अन्नमार्गांत तुंबतो, आणि भरल्या पोटीं तें जीवमात्र उपाशी मरूं लागतें. छातीचा मांसल भाग आटून मधलें हाड सुरीच्या धारेसारखें वर येतें. हंसांत लांब मानेस वळ पडून ती पाठीवर टेकते. ज्यानें हीं लक्षणें एकदां पाहिलीं त्यास तीं पुन्हां ओळखण्यास अडचण पडत नाहीं. ज्यानें पाहिलीं नाहींत तो मात्र ‘पक्ष्यास हवा बाधली’ म्हणून स्वस्थ बसतो.

हा रोग नवा नाहीं. अमेरिकेंत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनीं १८९४ सालींच याविषयीं लिहिलें होतें. शिकारी लोक तळ्यांवर बंदुका झाडीत. एका काडतुसांत दोन-तीनशें छर्रे. त्यांपैकीं फार थोडे पक्ष्यास लागत आणि बाकीचे सर्व तळाच्या चिखलांत जाऊन पडत. म्हणजे नेमांतून सुटलेला पक्षीहि पुढें त्याच छर्‍यानें मरत असे. फ्रँक बेलरोज यांनीं १९५९ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें उत्तर अमेरिकेंतील पाणपक्ष्यांपैकीं शेंकडा दोन-तीन दरवर्षीं या विषानें मरत. अखेर १९८७ ते १९९१ या अवधींत पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाचा छर्रा तेथें बंद करण्यांत आला आणि पोलादाचा आला. त्याचें फळ असें कीं, १९९७ च्या एका हंगामांत सुमारें १४ लाख बदकें वांचलीं असावींत, असें पुढील पाहणींत आढळलें. इंग्लंडांत थेम्स नदीवरील हंस असेच मरत होते. तेथें दोष गळाच्या वजनांचा होता. १९८७ च्या आरंभापासून अशा बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली आणि हंसांची संख्या पुन्हां वाढूं लागली. युरोपीय संघानें पाणथळ जागीं शिशाच्या छर्‍यास २०२३ च्या फेब्रुवारींत मनाई केली. हीं उदाहरणें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, या रोगास औषधापेक्षां कायद्यानें व विवेकानें अधिक आळा बसला आहे.

आपल्या देशांतहि एके काळीं तळ्यांवर शिशाचा पाऊस पडत असे. भरतपूरच्या प्रसिद्ध पाणथळींत १९३८ सालच्या १२ नोव्हेंबर रोजीं व्हॉइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. त्या दिवशीं उडालेल्या छर्‍यांचा हिशेब वाचकांनींच मनाशीं करावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असल्या शिकारीचा काळ संपविला, ही समाधानाची गोष्ट होय. पण शिशाचा स्वभाव असा कीं, तें कुजत नाहीं, जळून नाहींसें होत नाहीं. चिखलांत पडलेलें शिसें पिढ्यान् पिढ्या तेथेंच राहतें. आणि पाळीव बदकास छर्‍याची गरजहि नसते. कोंकणांत, वसईकडे, गोव्यांत परसांतील डबक्यावर जीं चार बदकें फिरतात, त्यांस जुन्या होडीच्या रंगाची खपली, तुटलेल्या जाळ्याची गोळी किंवा फोडलेल्या बॅटरीचा चुरा पुरेसा होतो.

आतां उपचार. पक्षी आजारी दिसतांच प्रथम त्यास कळपांतून काढून उबदार, अंधाऱ्या व शांत जागीं ठेवावें, आणि ज्या आवारांत तो चरत होता तेथें उरलेल्या पक्ष्यांस जाऊं देऊं नये. नंतर विलंब न लावतां पशुवैद्यांकडे न्यावें. क्षकिरणांच्या चित्रांत पेषणींतील धातूचा कण पांढरा ठिपका होऊन दिसतो. परंतु ठिपका नाहीं म्हणून शिसें नाहीं असें ठरत नाहीं. कण झिजून संपलेला असेल, अथवा विष रंगाच्या धुळीतून गेलें असेल. म्हणून खरी परीक्षा रक्ताची. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्यें २० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसें सांपडल्यास पक्ष्याच्या पोटांत तें गेलें आहे असें समजतात, आणि ५० च्या वर गेल्यास रोग जडला असें मानतात.

उपचाराचीं अंगें तीन. पहिलें, शिशाचा सांठा काढून टाकणें. पक्ष्यास भूल देऊन नळीवाटे पाण्यानें पेषणी धुतात व कण बाहेर काढतात. हें न करितां नुसतें औषध देणें म्हणजे नळ चालू ठेवून हौद उपसण्यासारखें आहे. दुसरें अंग, रक्तांतील शिसें बांधून लघवीवाटे बाहेर घालविणें. यासाठीं कॅल्शियम इडीटीए नांवाचें औषध टोंचतात. त्याचा रेणु शिशास कवटाळून धरितो व मूत्रपिंडांतून घेऊन जातो. पक्ष्याच्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें ३५ मिलिग्रॅम, दिवसांतून दोनदां, पांच दिवस, मग कांहीं दिवस विश्रांति आणि जरूर तर पुन्हां फेरी, असा सामान्य क्रम आहे. विश्रांति आवश्यक, कारण तें औषध मूत्रपिंडावर भार घालतें आणि शिशाबरोबर जस्तासारखीं उपयुक्त द्रव्येंहि ओढून नेतें. तोंडानें देण्याचें डीएमएसए हें औषध त्याहून सौम्य असून तें कांहीं आठवडे देतां येतें. प्रमाण येथें दिलें तें उपचाराचें स्वरूप समजावें म्हणून; घरच्या घरीं सुई घेऊन बसण्यासाठीं नव्हे. तिसरें अंग सेवेचें. पक्षी उपाशी व शुष्क झालेला असतो. त्यास त्वचेखालीं क्षारजल द्यावें लागतें, मऊ व पचण्यास हलका चारा नळीनें भरवावा लागतो, आणि मान वर धरण्याची शक्ति येईपर्यंत खोल पाण्यापासून दूर ठेवावें लागतें. हाडांतील शिसें मागाहून रक्तांत उतरत असल्यामुळें बरा दिसणारा पक्षी पुन्हां खालावतो. म्हणून उपचारानंतर रक्ताची फेरतपासणी झालीच पाहिजे. रोग्यास ज्या परसांत विष मिळालें त्याच परसांत परत सोडणें ही तर क्रूर थट्टा होय. वरचा मातीचा थर काढणें, खपल्या व भंगार वेंचणें, चारा जमिनीवर न टाकतां पसरट भांड्यांत देणें, आणि निराळी स्वच्छ वाळू व शिंपल्यांचा चुरा ठेवणें, एवढें केल्यास बहुतेक अनर्थ टळतो.

येथवर बदकाची कथा झाली. आतां तिचें दुसरें पान उलटूं. रांगणारें मूल आणि चिखल गाळणारें बदक यांत एक साम्य आहे: दोघेंहि जमिनीवरचें जें सांपडेल तें तोंडांत घालतात. त्यांतून मुलाचें आंतडें शिसें शोषून घेण्यांत मोठ्या माणसाच्या आंतड्यापेक्षां चार-पांच पट तत्पर असतें. आणि पोट रिकामें असलें, आहारांत लोह व कॅल्शियम कमी असलें, म्हणजे हें शोषण आणखी वाढतें. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० सालच्या अहवालांत जगांतील सुमारें ८० कोटी मुलांच्या रक्तांत डेसिलिटरमागें ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसें असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांतील सुमारें २७ कोटी ५० लाख मुलें एकट्या हिंदुस्थानांतील आहेत. बदकाच्या बाबतींत २० हा आंकडा शंकेचा आहे हें वाचकांनीं वर वाचलेंच. मुलाच्या बाबतींत मात्र निर्धोक असा आंकडाच नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. येथें पंख लोंबत नाहींत कीं मान वळत नाहीं. मूल चिडचिडें होतें, पाठांतर टिकत नाहीं, एके जागीं बसवत नाहीं. आणि आपण त्यास ‘द्वाड’ म्हणून रागें भरतों. फार वाढलेल्या विषावर मुलांसहि बदकाप्रमाणेंच बंधक औषधें देतात. परंतु गेलेली बुद्धि त्यांनीं परत येत नाहीं. आईच्या हाडांत सांठलेलें शिसें गरोदरपणांत रक्तांत उतरून गर्भासहि पोंचतें, हें सांगितलें म्हणजे हा प्रश्न किती पिढ्यांचा आहे तें ध्यानांत येईल.

मग तें आपल्या घरांत येतें कोठून? सर्वांत नाजूक गोष्ट प्रथम सांगतों. मारुतीस व कित्येक गणपतींस जो शेंदूर चढवितात तो रसायनदृष्ट्या शिशाचा प्राणिद आहे. त्या लाल-नारिंगी रंगाचा उगमच शिसें भाजण्यांत आहे. देवाच्या मूर्तीवर तो असण्याबद्दल या लेखांत वाद घालावयाचा नाहीं. परंतु शेंदराचें बोट मुलाच्या कपाळीं लावणें, तेंच बोट प्रसादाच्या खोबऱ्यास लागणें, शेंदराची डबी हळदकुंकवाच्या पंचपाळ्यांत ठेवणें, या गोष्टी धर्माच्या आज्ञेनें होत नसून केवळ संवयीनें होतात. पूजा करणारानें हात धुवावे, डबी उंच व निराळी ठेवावी, आणि कपाळास हळदीचें खरें कुंकू लावावें, इतकें केल्यानें कोणत्याहि देवाचा कोप होणार नाहीं. घरांतील आजीबाईंस हें पटविणें कठीण जाईल. पण नातवाच्या हितासाठीं आजी जें सोडीत नाहीं असें जगांत कांहीं नाहीं.

दुसरी जागा स्वयंपाकघर. पितळेच्या भांड्यास कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग व शिसें स्वस्त, म्हणून त्यांत भेसळीचा मोह पडतो. अशा भांड्यांत चिंचेचें सार किंवा कोकमाची आमटी उकळली, म्हणजे बदकाच्या जठरांतील आम्लानें जें केलें तेंच येथें चिंच करिते. ज्या ठिकाणाच्या नांवांतच चिंच आहे तेथील गृहिणींस तिचा आंबटपणा सांगावयास नको. ओळखीचा कल्हईवाला, त्यास आपण स्वतः आणून दिलेलें कथील, आणि आंबट पदार्थांस स्टीलचें भांडें, असा नियम ठेवावा. हळदीचा पिवळेपणा खुलविण्यासाठीं शिशाचा क्रोमेट मिसळण्याचा दुष्ट प्रकारहि उघडकीस आला आहे. म्हणून सुटी, अतिशय भडक पूड न घेतां हळकुंडें आणून दळून घेणें उत्तम.

तिसरी जागा रंग. २०१६ च्या नियमान्वयें, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० हून अधिक असूं नये असें ठरलें आहे. पेट्रोलांतील शिसें आपल्या देशांत २००० सालींच बंद झालें. हीं दोन्ही कामें मोठ्या पुण्याचीं झालीं. परंतु नियमापूर्वीं दिलेला रंग भिंतीवरून आपोआप उतरत नाहीं. जुनी चाळ पाडतांना, दार घासतांना जी धूळ उडते तीच खरी बाधक. असें काम चालूं असतां मुलें व गरोदर स्त्रिया यांस दुसरीकडे पाठवावें; रंग कोरडा न घासतां ओला करून काढावा; आणि झाडू न मारतां ओल्या फडक्यानें जमीन पुसावी.

आणि चिंचपोकळीचें नांव काढल्यावर गणेशोत्सवाचा उल्लेख केल्यावांचून कसें राहवेल? येथील सार्वजनिक उत्सव १९२० सालापासून चालत आला असून ‘चिंतामणि’ हें नांव घरोघर ठाऊक आहे. शेजारच्या लालबाग-परळांतील मूर्तिशाळांतून घरगुती मूर्तीहि हजारोंनीं निघतात. विषारी रंग दिलेल्या मूर्ति जलाशयांत विसर्जन करूं नयेत, अशा अर्थाच्या सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१० सालीं काढल्या व २०२० सालीं त्या सुधारून अधिक कडक केल्या. आपल्या घरची मूर्ति ठरवितांना मूर्तिकारास ‘रंग कोणता?’ एवढें विचारावें. शाडूची, मातीच्या किंवा वनस्पतींच्या रंगांची मूर्ति मागावी. गिऱ्हाईक विचारूं लागलें म्हणजे कारागीर बदलतो. तळ्याच्या तळाशीं बसणारा रंग कोणाच्या चोंचींत जातो, याचें उत्तर आतां वाचकांस ठाऊक आहे.

थेम्सवरचे हंस वांचले ते टोंचलेल्या औषधानें नव्हे, तर गळाचें वजन बदलल्यानें. आपल्या घरांतहि उपाय त्याच जातीचा आहे: डबी उंच ठेवणें, कथील पारखून घेणें, हळकुंड दळणें, धूळ ओल्या फडक्यानें टिपणें, मुलांस जेवणापूर्वीं हात धुण्याची शिस्त लावणें, आणि त्यांच्या पानांत दूध, नाचणी, डाळ व पालेभाजी यांस नेमानें जागा देणें. ज्या घरांत जुन्या रंगाच्या खपल्या पडतात अथवा ज्यांतील कोणी बॅटरीच्या किंवा डाखाच्या कामावर जातो, तेथील मुलांचें रक्त एकदां तपासून घ्यावें. यांतील कोणत्याहि गोष्टीस फारसा पैसा लागत नाहीं. लागते ती फक्त आठवण.